चमक आली का?

१४ मार्च २०२३, मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागातील एका बसथांब्यावर मी बाईंना प्रथम पाहिले, तेव्हा त्या एका पायावर उभ्या होत्या. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे घेतलेला, डोळे मिटलेले, हातात मिटलेली छत्री. पाऊस बारीक पडत होता. छत्री उघडली असती तर तोल सांभाळणे सोपे झाले असते, म्हणून ती मिटलेली होती, हे मला नंतर कळले. रांगेतील माणसे या देशाच्या रिवाजाप्रमाणे काहीच विशेष घडत नसल्यासारखी आपापल्या फोनमध्ये पाहत होती. एक प्रौढ गृहस्थ मात्र त्यांच्या मागे, जरा लाजत, स्वतःही एका पायावर उभा होता.

मी त्या दिवशी मुलाखतीसाठी निघाले होते. बायोमेकॅनिक्समध्ये एमएस्सी झालेले होते, पीएचडीसाठी अर्ज करायचा होता, आणि त्याआधी खऱ्या माणसांच्या खऱ्या गुडघ्यांवर काम करण्याचा अनुभव हवा होता. खेळातील दुखापतींवर उपचार करणारे ते क्लिनिक पूर्वी गालिच्यांचे दुकान असलेल्या इमारतीत होते. तासाभराने टेबलापलीकडे त्याच बाई बसल्या होत्या.

"बायोमेकॅनिक्स म्हणजे हालचालींचं गणित. बरोबर?"

"हो."

"मग उभी राहा. एका पायावर. डोळे मीट."

मी उभी राहिले आणि जवळजवळ लगेचच दुसरा पाय टेकवला.

"गणित पडलं," बाई म्हणाल्या.

"हे योग्य मोजमाप नाही," मी म्हणाले. "मी नव्या बुटांत बरंच अंतर चालून आले आहे. एका प्रयत्नावरून निष्कर्ष काढता येत नाही. निदान तीन प्रयत्न हवेत, आणि तेही अनवाणी."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या बुटांकडे. बुटांकडे अधिक वेळ पाहिले.

"भांडखोर आहेस. आणि बूट वाईट आहेत. सोमवारपासून ये. बूट बदलून ये."

बाई मूळच्या मिरजेच्या. फिजिओथेरपिस्ट म्हणून त्या तरुणपणी इथल्या रुग्णालयात आल्या, तिथली नोकरी पुरी केली आणि निवृत्त होण्याच्या वयात हे क्लिनिक काढले. त्यांचे मराठी मिरजेचे राहिले होते आणि इंग्रजी पुरते बर्मिंगहॅमचे झाले होते. शहरातील मराठी मंडळी वयाच्या मानाने त्यांना मावशी म्हणायला जात, तेव्हा त्या हात वर करून थांबवत. "मावशी म्हटलं की लाड आले, आणि लाड आले की व्यायाम बुडाला. बाई म्हणा. शाळेत बाईंचं ऐकत होतात ना?" इंग्रज पेशंटांना हे त्यांचे नावच वाटे. त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक जण दारातून "बाय, बाई!" असे ओरडून जाई आणि बाई आतून "टरा अ बिट, बॅब" असा अस्सल बर्मिंगहॅमी निरोप देत. आमची नवी रिसेप्शनिस्ट कितीतरी दिवस असे समजत होती की इथले पेशंट फार सभ्य आहेत, दोनदा बाय म्हणतात.

पहिल्या भेटीला येताना प्रत्येक पेशंटने आपले सर्वांत जुने बूट आणायचे, हा नियम होता. ज्योतिषी हात पाहतो तशा बाई त्या बुटांच्या टाचा पाहत. त्यांतून त्यांना जे दिसे त्यातले निम्मे खरे निघे. उरलेले निम्मे खरे नसे, आणि तेही त्या तितक्याच ठामपणे सांगत.

हे मी मुद्दाम नोंदवते, कारण बाईंविषयी बोलताना लोक त्यांना सर्वज्ञ करून टाकतात. त्या सर्वज्ञ नव्हत्या. गार फरशीवर अनवाणी चालल्याने मांडीचा मागचा स्नायू खेचला जातो, असे त्यांचे ठाम मत होते. दाराशी लोकरी मोज्यांची एक टोपली ठेवलेली असे आणि वेटलिफ्टिंग करणाऱ्या धिप्पाड माणसांनाही ते घालावे लागत. मी त्यांना स्नायूचे तापमान, कातडीचे तापमान आणि फरशीचे तापमान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती लक्षपूर्वक पाहिली, छान आहे म्हणाल्या, आणि मलाच एक जोडी दिली. माझ्याकडे पुरावा होता. त्यांच्याकडे मोजे होते.

उलट, बर्फाच्या बाबतीत त्या काळाच्या पुढे होत्या. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्या असत. मुरगळलेल्या घोट्यावर ठेवायला त्या सोयीच्या पडतात, म्हणून सर्वत्रच असतात. बाई मात्र पेशंटला ती पिशवी थोडा वेळ देत, मग काढून घेत आणि दुपारी तिची उसळ करत. "बर्फानं दुखणं बधिर होतं, बरं होत नाही. मटार निदान पोटात जातात." बर्फाने वेदना तात्पुरती शमते, पण त्याने दुरुस्ती लवकर होते याचा पुरावा तोकडा आहे, हे मला माहीत होतेच. उसळीचा भाग नवा होता.

रविवारी फुटबॉल खेळून सोमवारी लंगडत येणाऱ्या एका हिशेबनिसाला त्या म्हणाल्या होत्या, "तुला वाटतं, दुखापत रविवारी मैदानावर झाली. नाही. ती तू सोमवार ते शनिवार खुर्चीत बसून तयार केलीस. रविवारी फक्त घ्यायला गेलास." त्याला औषध म्हणून एवढेच सांगितले की, ऑफिसातला प्रत्येक फोन चवड्यांवर उभे राहून घ्यायचा. तो पुढे नियमाने खेळत राहिला. त्याचे सहकारी त्याच्याविषयी काय बोलत, ते मला ठाऊक नाही.

पण बाईंचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

रुग्णालयात वेदना शून्य ते दहाच्या मापाने विचारतात. बाईंना त्या मापाचा मनस्वी तिटकारा होता. "दुखण्याला मार्क देतात! दहापैकी पाच म्हणजे काय? सेकंड क्लास?" त्यांचे म्हणणे असे की, किती दुखते याला फारसा अर्थ नाही, कसे दुखते ते सांगा, आणि ते सांगायला इंग्रजीत पुरेसे शब्द नाहीत. म्हणून त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. पाच मराठी शब्द, रोमन लिपीत, आणि प्रत्येकापुढे इंग्रजीत अर्थ व सूचना. शिणवटा: व्यायामानंतरचा थकवा, स्वागत आहे. ओढ: ताणल्यासारखे वाटणे, जपून पुढे चला. ठणका: बसल्या जागी ठोके पडल्यासारखे दुखणे, आज भार कमी करा. कळ: उठून पसरत जाणारी वेदना, लगेच सांगा. शेवटी लाल अक्षरांत चमक: सांध्यात क्षणभर वीज गेल्यासारखे वाटणे, ताबडतोब थांबा. भार घेताना गुडघ्यात चमक येत असेल, तर तो सांधा अजून ताब्यात नाही, असे बाई मानत. आणि चमक सांगणाऱ्या पेशंटला त्यांनी कधीही मैदानावर सोडले नाही.

आश्चर्य म्हणजे हे चालत होते. पोटरी दुखावलेला एक बस ड्रायव्हर होता, सहा फूट उंच, मूळचा शेजारच्या डडली गावचा. त्याच्याशी बाईंचा संवाद मी दर आठवड्याला ऐकत असे.

"कसं आहे?"

"ठणका गॉन, बाई. बिट ऑफ ओढ इन द मॉर्निंग."

"चमक?"

"नो चमक. हॅन्ट हॅड चमक सिन्स ईस्टर."

"गुड लॅड."

आठवडाभराची नोंद त्या चार वाक्यांत पूर्ण होत असे. माझ्यासारख्या आकड्यांच्या माणसालाही मान्य करावे लागले की, आकडा वेदनेचे प्रमाण सांगतो आणि हे शब्द तिची जात सांगतात. एक उणीव मात्र त्या व्यवस्थेत होती, आणि ती माझ्याही लक्षात आली नव्हती. तक्ता इंग्रजांसाठी होता. मराठी पेशंट आला की बाई त्याला तक्त्याकडे वळू देत नसत. "घरच्या माणसाला डिक्शनरी कशाला?" असे म्हणून थेट बोलायला लागत.

तन्वी त्या घरच्या माणसांपैकी. वय एकोणीस. जन्म, शाळा, फुटबॉल, सगळे इथलेच, शहराला लागून असलेल्या सॉलिहलमधले. आईवडील दोघेही डॉक्टर. उजव्या गुडघ्याचा आतला बंध ऑगस्टमध्ये एका सामन्यात तुटला, सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर ती माझ्याकडे आली. ज्या क्लबसाठी खेळायचे ती लहानपणापासून ठरवून बसली होती, त्याच्या महिला संघाची निवड-चाचणी वर्षातून एकदाच, जूनमधल्या एका शनिवारी असे. त्या शनिवारी उभे राहता यावे यासाठी तिने नऊ महिने मी सांगितलेले सर्व काही केले. ती मला ताई म्हणे. आमचे बोलणे बरेचसे इंग्रजीतच चाले, कारण तिच्या मराठीत प्रत्येक वस्तू पुल्लिंगी होती.

बाई तिच्या उपचारांत नव्हत्या. शस्त्रक्रिया झालेल्या कोणाच्याच रोजच्या उपचारांत त्या नसत. "मी रोज डोकावले तर पोरगी मला खूश करायला बरी होईल," असे त्यांचे कारण असे. त्या फक्त शेवटच्या चाचणीला येत आणि खेळायचे की नाही, हे सांगत.

ती चाचणी निवडीच्या आधीच्या गुरुवारी झाली. तन्वीने धावून दाखवले, वळून दाखवले, एका पायावर लांब उड्या मारल्या. मग ती आमच्या यंत्रावर बसली. ते खुर्चीसारखे असते. पाय पट्ट्याने बांधून गुडघा पूर्ण जोराने सरळ करायचा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूने किती जोर लावला, ते पडद्यावर उमटते. बाई त्याला सिंहासन म्हणत. उजवा पाय १४८, डावा १५७. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या चौऱ्याण्णव टक्के. नव्वदच्या वर गेले की आमच्याकडे पास. माझ्या दृष्टीने निकाल लागला होता.

बाई इतका वेळ एका बुटक्या स्टुलावर बसून तन्वीकडे नव्हे, तिच्या गुडघ्याकडे पाहत होत्या. त्यांनी विचारले, "काय गं, चमक आली का?"

तन्वी घामाने निथळत होती आणि तिचा चेहरा फुलला होता. "हो! खूप चमक आला, बाई!"

"कधी? उडी मारताना की टेकताना?"

"टेकताना. लास्टच्या उडीला तर खूपच."

बाई उठल्या. "शनिवारी खेळायचं नाही."

"व्हॉट? पण व्हाय?"

"तूच सांगितलंस ना आत्ता." आणि त्या आत निघून गेल्या. तन्वीने माझ्याकडे पाहिले, पट्टा सोडला, बॅग उचलली आणि बाहेर पडली. लोकरी मोजे पायातच होते.

मी बाईंच्या मागे गेले.

"बाई, चौऱ्याण्णव टक्के आहे."

"चमक आहे."

"नऊ महिन्यांत तिनं एकदाही अशी वेदना सांगितलेली नाही."

"आज सांगितली."

"हसत सांगितली. वेदना कोणी हसत सांगतं?"

"खेळाडू सांगतात. शनिवार जवळ आला की सगळं हसत सांगतात." बाईंनी चष्मा काढला. "शास्त्रज्ञ, मी तिला मैदानात सोडलं आणि गुडघा परत गेला, तर तुझे चौऱ्याण्णव टक्के काय करणार आहेत? स्ट्रेचर उचलणार?"

यावर उत्तर होते, पण ते वादाचे होते, पुराव्याचे नव्हते. म्हणून मी घरी निघाले. परतताना बसमध्ये मी विचार केला. सर्व नोंदी एका बाजूला आणि एकच नोंद त्यांच्या विरुद्ध, असे झाले की आधी मोजणारे साधन तपासायचे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथे साधन म्हणजे एक शब्द होता.

शुक्रवारी सकाळी मी तन्वीला तिच्या कॉलेजजवळच्या कॅफेत भेटले. ती रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"गुडघ्यात नेमकं काय झालं काल?"

"नथिंग!"

"मग बाईंना हो का म्हणालीस?"

"त्यांनी विचारलं, चमक आला का. सो आय सेड येस. आय वॉज ब्रिलियंट, ताई! लास्ट हॉप पाहिलीस ना तू?"

मी कप खाली ठेवला. "तन्वी, चमक म्हणजे काय?"

"शाइन, ना? स्पार्कल. सांगलीचे आजोबा प्रत्येक मॅचच्या आधी फोन करतात, म्हणतात, तन्वी, मैदानात चमक दाखव. मी दाखवला! आणि बाई म्हणतात खेळायचं नाही. आय थॉट, त्यांना शो-ऑफ आवडत नाही."

मी इतक्या जोरात हसले की शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून पाहू लागल्या. मग मी तिला समजावले. तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"म्हणजे मी स्वतःच सांगितला की दुखतोय?"

"हो. लाल अक्षरांत."

"सो आय कॅन प्ले?"

मी फोन हातात घेतलाच होता. नंबर लावणार, तोच तिने आपला फोन पुढे केला. "थांब, बाईंना हा व्हिडिओ पण पाठव. दे शुड नो मी किती स्ट्राँग आहे." दुखापतीच्या आधीचा उन्हाळा. तिची जुनी अकॅडमी, तसेच सिंहासन, भोवती संघातल्या मुलींचा आरडाओरडा. तन्वी दात आवळून पाय सरळ करते, मुली किंचाळतात, आणि कॅमेरा पडद्यावरच्या मोठ्या आकड्यावर जातो: १८१.

मी तो पुन्हा लावायला सांगितला. यंत्र त्याच बनावटीचे. कोपऱ्यात दिसणारा वेगही आम्ही वापरतो तोच. पाय उजवा. तोच पाय, जो काल १४८ वर थांबला होता.

मी फोन खाली ठेवला. कारण समजायला फार वेळ लागला नाही. आमचे टक्के दुखावलेल्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करतात. पण नऊ महिने जिला पूर्वीसारखे धावता आले नाही, तिचा चांगला पायही चांगला राहत नाही. व्हिडिओच्या शेवटी डाव्या पायाचा आकडा ओझरता दिसत होता. तोही १५७ पेक्षा बराच वर होता. दोन अशक्त पाय एकमेकांशी ताडून पाहिले, तर ते बरोबरीचे दिसणारच. तन्वीची तुलना तन्वीशीच केली, तर ती चौऱ्याण्णववर नव्हती. ब्याऐंशीवर होती. ही त्रुटी पुस्तकात वाचलेली असते. पण बहुतेक पेशंटांचे जुने मोजमाप कुठेच नसते, म्हणून कोणी शोधत नाही. या मुलीने मिरवण्यासाठी ते जपून ठेवले होते.

तिथेच, त्याच टेबलावर, मी तिला हे सांगितले. कागदी रुमालावर तिन्ही आकडे लिहून दाखवले.

"यू सेड नाइन्टी-फोर," ती म्हणाली.

"हो. आकडा खराच आहे. प्रश्न चुकीचा विचारला होता."

"सो बाई इज राइट."

"नाही. बाई चूक आहेत. उत्तर मात्र तेच आहे."

तिने रुमाल स्वतःकडे ओढला. "एटी-टूवर खेळले तर काय होईल?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पहिल्याच वळणावर गुडघा पुन्हा जाईल. मी भविष्य सांगत नाही. धोका वाढलेला आहे, आणि तो कमी करता येतो, एवढं मला नक्की सांगता येतं. उद्यापर्यंत नाही. तीन-चार महिन्यांत."

"उद्या गेला की एक वर्ष गेला, ताई."

"माहीत आहे. म्हणून निर्णय तुझा. मी दार अडवणार नाही."

आम्ही दोघी बसने क्लिनिकमध्ये गेलो. बाई जेवत होत्या. मी आधी शब्दाचे सांगितले. ऐकता ऐकता त्यांचा चमचा वाटीतच थांबला.

"म्हणजे मी हिला मराठीमुळे घरी बसवत होते?"

त्या उठल्या, तक्त्याच्या पिना उपसल्या आणि तो तन्वीच्या हातात दिला. "वाच."

तन्वीने वाचले. खालची लाल ओळ दोनदा वाचली. "हे मला का नाही दाखवला?"

"तू आपली म्हणून."

"आय'म फ्रॉम सॉलिहल, बाई."

बाईंचा चेहरा मी त्याआधी किंवा नंतर तसा पाहिला नाही. कोणी गुदगुल्या करत करत थप्पड मारावी, तसा. "सॉरी, बॅब," त्या म्हणाल्या. "तो डडलीचा ड्रायव्हर तुझ्यापेक्षा बरं मराठी समजतो, आणि ही चूक त्याची नाही, तुझीही नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि तुझं तोंड असं का झालंय? तू जिंकलीस ना?"

मी रुमाल पुढे केला. बाईंनी व्हिडिओ मागितला आणि तो कितीतरी वेळा पाहिला. प्रत्येक वेळी १८१ आला की त्या पुटपुटत, "कुठं गेलं गं हे?" आपण बरोबर होतो, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. कारण त्या बरोबर नव्हत्या, आणि हे त्यांना माझ्याआधी कळले होते. "टक्के सेलमध्ये बघायचे," एवढेच म्हणाल्या. "हिला वजनं दे. दोन्ही पायांना."

"तिनं अजून ठरवलेलं नाही, बाई," मी म्हणाले.

तन्वी बाकावर बसून फोनवर काहीतरी टाइप करत होती. वर न पाहता तिने मला विचारले, "तिन्ही नंबर पुन्हा सांग." ती त्या क्लबच्या प्रशिक्षकाला लिहीत होती. मी उद्या येणार नाही. माझा गुडघा दुखत नाही, पण माझा पाय अजून माझ्याइतका मजबूत नाही. हे आकडे पाहा. शरद ऋतूत मला एकदा पाहाल का? बाईंना त्यात आपलाही एक परिच्छेद घालायचा होता. तन्वीने त्यांना तो घालू दिला नाही, आणि मला ते आवडले.

शनिवारी ती निवड-चाचणीला गेली आणि कडेला उभी राहून तिने बाकीच्या मुलींचा खेळ पाहिला. ते तिला किती जड गेले, हे तिने सांगितले नाही. प्रशिक्षकाचे उत्तर मंगळवारी आले. कसलेही वचन नव्हते. ऑक्टोबरमध्ये एखादी जागा मोकळी झाली तर बोलावू. येताना ताजे आकडे आणावेत.

तो उन्हाळा तन्वीने वजनांखाली काढला. बाई स्वतःचा नियम मोडून रोज येऊ लागल्या. एका पायाचे स्क्वॉट, जड लेग प्रेस, हळूहळू खाली जाणे, आणि मग विश्रांती. विश्रांतीच्या बाबतीत त्या कामाहून कडक. मध्येच मराठीची तपासणीही होई.

"आज काय?"

"शिणवटा आली."

"आला. शिणवटा तो. आणि ओढ?"

"ओढ... तो?"

"ती! अगं, ओढ ती. गुडघा सुधारला, लिंग तसंच."

"बाई!" तन्वी ओरडे, आणि डडलीचा ड्रायव्हर काही न समजता सर्वांत मोठ्याने हसे.

दरम्यान मी चाचणीची पद्धत बदलली. आता तक्ता प्रत्येकाला दाखवला जातो, त्याचे आडनाव काहीही असो. दुखापतीपूर्वीचे मोजमाप कुठे मिळते का, हे पहिल्याच दिवशी विचारले जाते. न मिळाल्यास चांगल्या पायाची ताकद शस्त्रक्रियेच्या आधीच मोजून ठेवली जाते. बाईंनी मसुदा न वाचताच सही केली. "वाद घालून झालाय. आता कागद कशाला वाचू?" माझ्या पीएचडीचा विषयही त्या कागदातूनच निघाला, हे इथे सांगून टाकते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्लबचा निरोप आला. एक जागा होती. तन्वीने येत्या बुधवारी यावे.

सोमवारी सकाळी आम्ही शेवटची चाचणी घेतली. धावणे झाले, वळणे झाले, उड्या झाल्या. बाईंनी तक्त्यातले पाचही शब्द एकेक करून विचारले, आणि तन्वीने प्रत्येकाचे उत्तर आधी अर्थ सांगून मग दिले. मग ती सिंहासनावर बसली. मी पट्टा बांधला. बाईंनी पडदा तिच्याकडून फिरवून माझ्याकडे केला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आकडा तू एकटीनं बघ," त्या मला म्हणाल्या. "आम्हा दोघींना आशा आहे. तू फक्त डोळे उघडे ठेव."

तन्वीने दात आवळले. पाय सरळ झाला, यंत्र घुमले आणि थांबले. बाईंच्या पाठीवर कोट ताठ झाला होता.

"बोल की गं," त्या भिंतीला म्हणाल्या.

मी आधी जुन्या १८१ च्या खाली लिहिले, मग मोठ्याने वाचले.

उजवा पाय: १८४.